सेटिंगला हात लावायच्या आधी

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, शब्दांकन करून)

नमस्कार मंडळी. बाहेर एवढं ऊन असताना तुम्ही इथं आलात, तेही मोबाइलचा हॉटस्पॉट, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला वाटून देण्याची सोय, का चालत नाही हे ऐकायला. म्हणजे बऱ्याच जणांचा खरंच चालत नसणार. हात वर करा बघू. अर्धं सभागृह आहे की! पहिल्या रांगेतल्या काकूंनी तर दोन्ही हात वर केलेत.

विषय साधा वाटतो, पण माझ्या दृष्टीनं तो तसा नाही. ज्या घरात ब्रॉडबँड नाही त्या घरात एका फोनच्या रिचार्जवर मुलीचा अभ्यास, मुलाची नोकरीची मुलाखत आणि वडिलांचा जीएसटी असं सगळं चालतं. तिथं हॉटस्पॉट अडला की एखाद्या अर्जाची तारीख जाते. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

मी टेलिफोन खात्यात लाइनवर नोकरी केली. तिथं शिकलेली एकच गोष्ट आज सांगायची आहे, बाकी सगळं तिच्याच पोटात येतं. त्या वेळी १९८ वर तक्रार यायची, 'टोन येत नाही'. बस, एवढंच. आता टोन न येण्याची कारणं मोजायला गेलात तर घरातलं उपकरण, भिंतीतली वायर, खांबावरचा डीपी, म्हणजे घराघरांच्या तारा जिथं वाटल्या जातात ती पेटी, जमिनीखालची केबल, तिचा जॉइंट, पिलर, एक्स्चेंज, काहीही असू शकतं. नवीन लागलेला पोरगा थेट ग्राहकाच्या घरी जायचा आणि फोन उघडून बसायचा. जुना लाइनमन आधी डीपी गाठायचा. त्या घराची दोन तारांची जोडी सोडवायची, एक्स्चेंजकडच्या टोकाला आपला टेस्ट फोन लावायचा. टोन आली, तर दोष घराच्या बाजूला. नाही आली, तर एक्स्चेंजच्या बाजूला. एका मिनिटात अर्धी लाइन संशयातून सुटायची. उरलेल्या अर्ध्याचं परत तेच करायचं.

त्या लाइनचं आणखी एक सांगतो. लाइट गेली तरी फोन चालायचा, आठवतंय का? कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून, त्याच दोन तारांमधून घरापर्यंत यायची. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खरखर सुरू. खरखरीच्या आवाजावरून जॉइंट भिजलाय हे ओळखणारी माणसं आमच्यात होती. असो, त्या माणसांवर एक वेगळं व्याख्यान व्हायला पाहिजे.

तर हॉटस्पॉट हीसुद्धा एक लाइनच आहे. तिचे तुकडे तीन. टॉवरपासून तुमच्या फोनपर्यंत, हा पहिला. फोनच्या पोटात, हा दुसरा: आलेलं इंटरनेट तो वाटून देतो, जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, आलेलं उत्तर ज्याचं त्याला पोचवतो. ब्रॉडबँडच्या राउटरचं सगळं काम तो करतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१० सालच्या २.२ आवृत्तीपासून आहे. आणि तिसरा तुकडा फोनपासून लॅपटॉपपर्यंत, वायफायचा. दोष कुठल्या तुकड्यात आहे हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही. हे माझं म्हणणं, आणि ते मी का एवढ्या पोटतिडकीनं सांगतोय त्याची गोष्ट ऐका.

आमच्या शेजारी एक यंत्रमागवाले मालक आहेत. टॉवेलचे माग आहेत, धंदा बेताचा. मुलगी फार्मसीला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि शेवटची तारीख दुसऱ्या दिवसावर आली होती. लॅपटॉप मामानं वापरून झाल्यावर दिलेला, जुना. फोन वडिलांचा, नवाकोरा. मुलीनं फोनवर हॉटस्पॉट लावला. लॅपटॉपच्या यादीत अख्ख्या गल्लीची वायफाय दिसतात, वडिलांच्या फोनचं नाव तेवढं दिसत नाही. बंद करून चालू केला, फोन रीस्टार्ट केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. नाव येईना. मग वडील फोन घेऊन दुकानात गेले.

दुकान कुठलं ते सांगत नाही. दुकानदारानं हॉटस्पॉटचं बटण दोनदा दाबलं आणि म्हणाला, "मालक, सॉफ्टवेअर उडालंय. मारावं लागेल." लॅपटॉप कुठला आहे, किती जुना आहे, दुसऱ्या एखाद्या फोनला हे नाव दिसतं का, यातलं काही विचारलं नाही. जाता जाता एवढं विचारलं, "बॅकअप आहे ना?" मालकांना वाटलं बॅटरीचं विचारतोय. ते म्हणाले, "हाय की, दिवसभर टिकतो." (हशा) हसू येतं खरं, पण पुढचं ऐका. फोन तासाभरानं परत मिळाला तो धुऊन पुसून. हैदराबादच्या व्यापाऱ्यानं पाठवलेले टॉवेलच्या बॉर्डरच्या डिझाइनचे फोटो गेले. 'हा लाल नको, मागच्या वेळचा घ्या' असे त्याचे आवाजी निरोप गेले. कुणाकडून किती येणं आहे त्या वहीच्या पानांचे फोटो गेले. वही मागाच्या शेडमध्ये पावसात भिजली होती, म्हणून तर फोटो काढून ठेवलेले. दुकानदाराचे पैसे वेगळे.

आणि घरी येऊन हॉटस्पॉट लावला, तर लॅपटॉपवर नाव नाहीच.

संध्याकाळी ती मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. म्हटलं, वडिलांचा फोन तिथंच टेबलावर राहू दे, आईचा फोन आण. आईच्या फोनवर वायफायची यादी उघडली, तर वडिलांच्या फोनचं नाव सगळ्यात वर! हॉटस्पॉट चालू होता, सकाळपासून चालू होता. लॅपटॉपला तो ऐकू येत नव्हता, एवढंच. लाइन कुठं तुटलीय ते कळलं आणि फोन सुटला संशयातून.

वायफायचे मुख्य बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, दोन, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण भिंतीपलीकडं लवकर दमतो. दोन पॉइंट चारवाला जरा हळू, पण लांब जातो, आणि जुन्या यंत्रांना तोच एक कळतो. मामाचा लॅपटॉप त्यातलाच. त्या फोनचा हॉटस्पॉट मात्र कंपनीनंच ५ वर लावून दिलेला. सॉफ्टवेअर मारलं तरी तो परत ५ वरच येणार, कारण मुळातली सेटिंग तीच! हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' असं लिहिलेलं असतं, तिथं २.४ केलं. लॅपटॉपवर नाव आलं, रात्री अर्ज गेला. फोटो मात्र गेले ते गेले.

याचा मला राग आहे आणि तो मी दर ठिकाणी बोलून दाखवतो. दोष शोधायचा नाही, सरसकट पुसून टाकायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. ज्याचं सगळं एकाच फोनमध्ये आहे, दुसरीकडं कुठंच नाही, त्याचंच यात सगळ्यात जास्त जातं. खांबावरची जोडी न तपासता अख्खी केबल उपटायला निघालेला लाइनमन आमच्या साहेबांनी एक दिवस ठेवला नसता.

मागं बसलेला तो मुलगा मघापासून विचारतोय, हॉटस्पॉटला मराठीत नाव दिलं तर चालतं का. चांगला प्रश्न आहे, उत्तर देतो. चालतं, पण नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला हलंतसुद्धा वेगळा. म्हणजे मोजून दहा चिन्हं. 'सिद्धेश्वर' लिहून मोजा, बरोबर दहा होतात, मावतं. 'सिद्धरामेश्वर'ची तेरा होतात, मावत नाही. (टाळ्या) पण जुना प्रिंटर किंवा जुना टीव्ही असलं नाव चौकोन-चौकोन करून दाखवतो. कधी इमोजीवर किंवा नावातल्या तिरक्या अवतरणचिन्हावरही अडतो. जोडणी होत नसेल तेव्हा साधं इंग्रजी नाव देऊन बघा, झाल्यावर हवं ते ठेवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. सहा वाजता इथं भजनी मंडळ बसतं, त्यांना थांबवणं बरं नाही. तेव्हा जे सांगायला बोलावलं होतं ते आता भराभर सांगतो, लिहून घ्या.

पहिला तुकडा, टॉवर ते फोन. फोनचं वायफाय बंद करा आणि त्याच फोनवर एखादं नवीन पान उघडा. उघडलं नाही तर हॉटस्पॉटचा काही संबंध नाही. रिचार्ज संपलाय का, मोबाइल डेटा चालू आहे का बघा. विमानाचं चिन्ह एकदा चालू करून बंद करा. रोजचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात फोनवर व्हॉट्सअॅपचा मजकूर जातो, लॅपटॉपवर पान उघडत नाही, आणि लोक म्हणतात हॉटस्पॉट बिघडला. सिग्नलच्या काड्यांवरही जाऊ नका. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत, एवढ्या गर्दीत, होम मैदानावर काड्या पूर्ण असतात आणि निरोप जात नाही. काडी टॉवरचा जोर दाखवते, टॉवरवर किती माणसं लटकलीत ते दाखवत नाही.

दुसरा तुकडा, फोनचं पोट. हॉटस्पॉट चालूच होत नसेल किंवा आपोआप बंद पडत असेल, तर डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर आधी बंद करा. डेटा सेव्हर चालू असताना बरेच अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट लावूच देत नाहीत. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच वाटेनं फिरवून नेणारं अॅप, असेल तर तोही बंद करून बघा. कुणी जोडलेलं नसलं की थोड्या वेळानं हॉटस्पॉट स्वतः बंद होतो, ती सोय सेटिंगमध्ये असते. आयफोनवाल्यांनी लॅपटॉप जोडला जाईपर्यंत हॉटस्पॉटचाच पडदा उघडा ठेवायचा. जोडलं जातं, फोनवर इंटरनेट आहे, पण लॅपटॉपवर नाही, असं झालं तर एपीएन तपासा, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला जोडण्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये लिहिलेलं नाव: जिओचं जिओनेट, बीएसएनएलचं बीएसएनएलनेट. तिथं 'एपीएन प्रकार' या रकान्यात काही फोनना डीयूएन हा शब्द लागतो, हॉटस्पॉटची वाटणी त्यावर चालते.

आणि ऊन! हे सोलापूरकरांनी खास ऐका. अॅपल स्वतः सांगते की आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. हॉटस्पॉट लावला की फोनचे दोन्ही रेडिओ एकदम काम करतात, टॉवरचा आणि वायफायचा. त्यात चार्जिंगला लावलेला, वर जाड कव्हर. तापला की तो वेग कमी करतो, मग एकेक काम सोडून देतो. चार्जर काढा, कव्हर काढा, सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते.

तिसरा तुकडा, फोन ते लॅपटॉप. नावच दिसत नाही, तर बँड २.४ करा. आयफोन १२ आणि त्यापुढच्यांत यासाठी 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' असं बटण आहे. नाव दिसतं पण जोडत नाही, तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए३ ही कुलपाची नवी पद्धत असेल, ते डब्ल्यूपीए२ करा. तीन नंबर २०१८ नंतरचा आहे, जुन्या लॅपटॉपला तो माहीत नाही. पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरी, आणि बदलला असेल तर लॅपटॉपला ते नाव आधी 'फर्गेट' करायला लावा, नाहीतर तो जुनाच पासवर्ड देत बसतो. जोडलं जातं पण लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होतो, म्हणजे फोननं त्याला पत्ताच दिलेला नाही. फोनचा हॉटस्पॉट आणि लॅपटॉपचं वायफाय, दोन्ही बंद करून परत जोडा. जुन्या लॅपटॉपची तारीखही बघा. आतला छोटा सेल संपला की तारीख मागं जाते आणि बँकेची, सरकारी अर्जाची संकेतस्थळं उघडत नाहीत. दोष हॉटस्पॉटवर येतो. जोडणी झाली की विंडोजमध्ये त्या नावाला 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे जपून वापरायचं इंटरनेट, असं करून ठेवा, नाहीतर अपडेट उतरवण्यात दिवसाचा डेटा संपेल.

काय म्हणालात अण्णा? हे सगळं करूनही नाही झालं तर? तर चार्जिंगची डेटावाली केबल लॅपटॉपला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. वायफायचा तुकडाच मधून निघून जातो. इंटरनेट आलं, तर दोष वायफायमध्ये होता हेही कळलं आणि तुमचं कामही झालं. अगदी शेवटी 'नेटवर्क सेटिंग रीसेट' करा. त्यात साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटो जात नाहीत. पासवर्ड आधी लिहून ठेवा. फॅक्टरी रीसेटला, म्हणजे अख्खा फोन पुसून टाकायला, मात्र हॉटस्पॉटसाठी कुणी 'हो' म्हणू नका. आणि दुकानात जायचीच वेळ आली, तर फोन एकटा नेऊ नका, लॅपटॉप पिशवीत घालून सोबत न्या आणि दुकानदाराला दोन्ही समोर ठेवून जोडायला सांगा.