ख्रिसमस ट्री घ्यायला निघालात? आधी जानेवारीचं बोला

नमस्कार मंडळी! मागचा भोंग्यांचा आवाज घोडबंदर रोडचा, त्याला इलाज नाही. आम्ही नर्सरीत आलोय आणि अर्धा तास झाला, घरात एकमत नाही. धाकटीला छताला टेकणारं झाड हवंय. मिस्टर म्हणतात, माळ्यावरचा प्लास्टिकचाच काढू. आणि सासूबाई म्हणतात, "आम्ही सुरूची फांदी आणायचो, कापूस चिकटवायचो, झाला नाताळ!"

त्यांचं काही चुकत नाही. सुरूच्या 'सुया' म्हणजे खरं तर बारीक, सांधे असलेल्या हिरव्या काड्या. लांबून अगदी पाइन वाटतो. फक्त तोडलेली फांदी लवकर सुकते आणि घरभर काड्याच काड्या.

आता हे बघा. (कुंडी कॅमेऱ्यासमोर) नर्सरीत याला सरळ ख्रिसमस ट्री म्हणतात, नाव अरोकेरिया. युरोपातले स्प्रूस आणि फर थंडीतले, ते आपल्या मे महिन्यात तग धरणार नाहीत. हा मात्र पॅसिफिकच्या बेटांवरचा, त्याला दमट हवा चालते. यात दोन जुळे भाऊ आहेत: एक नॉरफोक बेटाचा, दुसरा न्यू कॅलेडोनियाचा. 1774 च्या सफरीत कॅप्टन कुक दोन्हीकडे पोचला होता. दुसऱ्याला त्याच्याच नावाने कुक पाइन म्हणतात. लहानपणी दोघांत फरक कळत नाही, एकाच नावाने खपतात.

कुक पाइनची एक गंमत सांगते. तो वाढताना विषुववृत्ताकडे कलतो! 2017 मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या खंडांवरची 256 झाडं मोजली, सरासरी कल साडेआठ अंश निघाला. म्हणजे आपल्याकडे तो दक्षिणेला झुकणार. ठाण्याचं झाड आणि ओढ मुलुंडची! असो.

निवडताना मी आधी शेंडा बघते. तो मोडला असेल तर झाडाचा सरळ आकार गेलाच समजा. मग खालच्या फांद्या, कारण वाळून गळलेली फांदी त्या जागी परत फुटत नाही. कुंडीत बोट घालून खोडंही मोजा. झाड भरगच्च दिसावं म्हणून पुष्कळदा तीन-चार रोपं एकत्र लावलेली असतात, मग ती एकमेकांची जागा खातात.

आणि घरी कुठे ठेवणार? गेल्या वर्षी मी हौसेने टीव्हीशेजारी, एसीखाली ठेवला आणि तीन राजांच्या सणानंतरही, म्हणजे 6 जानेवारीनंतरही, तिथून हलवला नाही. खालच्या दोन मजल्यांच्या फांद्या तपकिरी पडल्या. तेव्हा सण झाला की उजेडाच्या बाल्कनीत. वरची माती सुकली की पाणी, आणि आठवड्याने कुंडी थोडी फिरवायची. सोसायटीच्या कंपाउंडात मात्र लावू नका बाई. मायदेशी हा 60 मीटरपर्यंत जातो, म्हणजे वीसेक मजले!

प्लास्टिकचा माळ्यावर आहेच, तर तो फेकू नका. वर्षानुवर्षं वापरला तरच त्याला अर्थ. आम्ही तो हॉलमध्ये लावतोय. बाल्कनीसाठी हा घेतला, कमरेएवढा, एकच खोड. धाकटी फुरंगटलीये, पण चांदणी तीच बांधणार.

"शेंड्याला नाही गं, वाकेल तो! मधल्या फांदीला बांध... आणि रिक्षात कुंडी पायांत धर. गायमुखचे खड्डे आहेत पुढे."