पुलावरचं नाक

श्रोतेहो, नमस्कार.

न्हावा शेव्याच्या गेटबाहेर कंटेनरच्या ट्रकांची रांग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या ट्रकांच्या डिझेलमध्ये गंधक किती असावं, याला २०२० च्या एप्रिलपासून कडक मर्यादा आहे. दहा लाख भागांत १० भाग, बस्स. आणि गेटच्या आत, धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या इंधनात? तिथं ५,००० भाग चालतात. पाचशे पट! २०१९ संपेपर्यंत तर ३५,००० चालत होते. तेव्हा लक्षात ठेवा, आज नियम कडक झाल्यावरसुद्धा पाचशे पट.

मोठी जहाजं जाळतात ते फर्नेस ऑइल. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल काढून घेतलं की तळाला उरतं ते हे. गार असलं की डांबरासारखं घट्ट. चांगलं शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात त्याचा फवाराच होत नाही. त्यातलं गंधक जळून धुरातून बाहेर पडतं आणि बंदराजवळ राहणाऱ्यांच्या छातीत जातं. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, म्हणजे आयएमओनं, १ जानेवारी २०२० पासून जगभरची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात, अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावर ती त्याहून कडक आहे. २०१५ पासून तिथं फक्त ०.१ टक्का चालतं.

पण समुद्रात नियम पाळतंय कोण, आणि बघतंय कोण? यावर मला माझ्या मावसभावाची गोष्ट सांगायची आहे.

दादा रत्नागिरीचा. २०१६ मध्ये तो एका मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. ब्राझीलहून खनिज भरून पोलंडला, ग्दान्स्क बंदराला निघाले होते. वाटेत इंग्लिश खाडीच्या तोंडाशी, ५ अंश पश्चिम रेखांशावर ती ०.१ टक्क्याची हद्द लागते. तिथं पोचायच्या आत फर्नेस ऑइल बंद करून स्वच्छ, डिझेलसारख्या गॅस ऑइलवर यायचं, आणि तेही चालत्या इंजिनात.

हे काम नळ फिरवण्याइतकं सोपं नाही. फर्नेस ऑइलमुळे पंप चांगलाच तापलेला असतो. त्यात गार, पातळ गॅस ऑइल एकदम सोडलं तर पंपाचा दट्ट्या अडकतो, इंजिन बंद पडतं आणि भर वाहतुकीत जहाज तरंगत राहतं. म्हणून तापमान मिनिटाला दोन अंशांहून जास्त उतरू द्यायचं नाही. शिवाय पाइपांत आणि मिक्सिंग टाकीत जुनं तेल साठलेलं असतं, ते पुरतं जळून जायला काही तास लागतात. आणि गॅस ऑइल महाग! त्यामुळे कंपनीच्या ऑफिसातून निरोप होता, बदल होईल तेवढा उशिरा करा.

दादानं आकडेमोड केली आणि त्याच्या वरच्या चीफ इंजिनिअरला सांगितलं, "उशिरा सुरुवात केली तर हद्दीच्या आत कितीतरी मैल आपण घाण तेलावर असू."

चीफ म्हणाला, "अरे, समुद्रात बघतंय कोण?"

दादा हटला नाही. "लॉगबुकात खोटी वेळ मी लिहिणार नाही," म्हणाला. शेवटी कॅप्टननं त्याचं ऐकलं. तापमानाच्या काट्यासमोर उभं राहून त्यानं ते इंधन बदललं. वेळ, अक्षांश-रेखांश, टाकीतली पातळी, सगळं जिथल्या तिथं नोंदवलं.

इथं थोडं थांबतो. कोकणात गावोगाव अशी जहाजावरची माणसं आहेत. महिनोन्महिने त्यांना घर दिसत नाही. आपल्या शाळेच्या भूगोलात बंदरांची यादी असते, पण त्या बंदरांत जहाज आणणाऱ्या माणसाबद्दल चकार शब्द नसतो. मला हे फार लागतं.

तर, जहाज डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीत शिरलं. वाट दाखवायला पायलट चढला होता. समोर तो प्रचंड झुलता पूल. पायलट कॅप्टनला म्हणाला, "या पुलाला नाक आहे." पुलावर बसवलेलं यंत्र खालून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाचा धूर हुंगतं. धुरात सल्फर डायऑक्साइड किती आणि कार्बन डायऑक्साइड किती, या प्रमाणावरून इंधनातलं गंधक कळतं. संशय आला की पुढच्या बंदराला कळवलं जातं. दादा मुद्दाम डेकवर जाऊन मान वर करून बघत होता. पूल सरकत मागे गेला, यंत्र काही दिसलं नाही.

ग्दान्स्कला इन्स्पेक्टर आला तो थेट इंजिन रूममध्ये उतरला. लॉगबुक मागितलं, इंधनाच्या लाइनमधून बाटलीत नमुना घेतला. त्या वेळी लॉगबुक उघडून त्याच्यापुढे धरलं ते चीफनंच! नमुना स्वच्छ निघाला. दादा म्हणतो, "इतकी वर्षं जहाजावर काढली, पण आमच्या धुराची चौकशी पहिल्यांदाच कुणीतरी केली."

नियम कागदावर असतो, तो चालतो अशा नाकामुळे.

आता वेळ थोडा आहे. पळवाटा आहेत. स्क्रबर नावाचं यंत्र बसवलं की जुनंच तेल जाळता येतं. धूर पाण्यानं धुतला जातो, पण अनेक जहाजांवर ते धुवण समुद्रातच सोडलं जातं. सिंगापूरनं २०२० पासून आपल्या बंदरात हे बंद केलं. हवेतली घाण मासळीच्या पाण्यात ढकलायची, याला मी उपाय म्हणणार नाही. नवी इंधनंही येताहेत. मर्स्कचं मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज २०२३ मध्ये पाण्यात उतरलं. मिथेनॉलला टाकी मात्र दुपटीहून मोठी लागते, आणि ते हिरव्या विजेपासून किंवा जैविक कचऱ्यापासून बनवलं तरच खरा उपयोग. जहाजांच्या धुरातल्या कार्बनवर जगभर शुल्क लावायचा आयएमओतला निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला एक वर्ष पुढे ढकलला गेला. याचा मला राग आहे.

भूमध्य समुद्र १ मे २०२५ पासून ०.१ टक्क्यावर आला. आपला अरबी समुद्र अजून अर्ध्या टक्क्यावरच आहे. म्हणजे तिकडे स्वच्छ तेलावर चालणारं तेच जहाज आपल्याकडे आलं की पाचपट गंधकाचं तेल जाळू शकतं. अशी हद्द मागायची ती किनाऱ्याच्या देशांनी. भारत तर आयएमओच्या कौन्सिलवर आहे. आपल्या सरकारनं हा प्रस्ताव मांडावा. आणि धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून वीज द्यावी, म्हणजे उरणच्या लोकांच्या उशाशी रात्रभर जहाजाचे जनरेटर धुमसत राहणार नाहीत.

नमस्कार.