पांढरे ठिपके: खाऱ्या पाण्याच्या टँकमधला आजार

(पडद्यावर: पावडर ब्लू टँग, अगदी जवळून)

हा पावडर ब्लू टँग. हिंदी महासागरातला मासा, मालदीव, श्रीलंका, आपलं लक्षद्वीप, तिकडच्या प्रवाळांवर शेवाळ खरवडत फिरणारा. अंग निळंशार, पाठीवरचा पर पिवळाजर्द, तोंड काळं. मरीन टँक ठेवणाऱ्याला हा कधी ना कधी हवाच असतो आणि दुकानदार प्रामाणिक असेल तर आधीच सांगतो की बाबा याला इच, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, लवकर धरतो. आता नीट बघा, परांवर, डोळ्यांच्या मागे, मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके दिसतायत. काल नव्हते. आज तो दगडाला अंग घासतोय, मध्येच झटका दिल्यासारखं डोकं हलवतोय, पण खातोय अजून, आणि खातोय म्हणून घरातले सगळे म्हणतात की काही नाही, होईल बरा.

आणि गंमत म्हणजे चारपाच दिवसांत ठिपके खरंच जातात. मासा चकचकीत. इथेच बहुतेक टँक हातचे जातात.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली गोल, गडद, सावकाश फिरणारा जीव)

हा तो. मरीन इच म्हणतात त्याला, मरीन व्हाइट स्पॉट पण म्हणतात, शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. एकाच पेशीचा जीव, अंगावर बारीक बारीक केस, त्यांच्या जोरावर पोहतो. जपानमध्ये सिकामा नावाच्या संशोधकाने १९३७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि १९५१ मध्ये ब्राऊन यांनी या जीवाला नाव दिलं. त्याच १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी खाऱ्या पाण्यातला जिवंत मासा पहिल्यांदा बघितला तो तिथल्या काचेमागेच.

गोड्या पाण्यातला इच वेगळा बरं का. दिसायला सारखाच, पण जीवच दुसरा, त्यामुळे गोड्या पाण्याचे टँक सांभाळलेली माणसं हीटर वाढवायला धावतात ते इथे चालत नाही. हा जीव तीस डिग्रीला मजेत राहतो, उलट पाणी तापलं की त्याचं चक्र भराभर फिरतं आणि पाण्यातला ऑक्सिजन मात्र कमी होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, नसेल तर टँक तसाही तापलेलाच असतो, त्यात कल्ल्यांना आजार, म्हणजे माशाच्या जिवावरच बेतायचं.

आता हे चक्र नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी ट्रीटमेंट यावरच उभी आहे. माशाच्या अंगावर जो ठिपका दिसतो तो जीव कातडीच्या वरच्या थराखाली शिरून बसलेला असतो, साधारण तीन ते सात दिवस तिथे खातो, फुगतो. वर कातडीचं पांघरूण असल्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध तिथे त्याला काही करत नाही. मग तो आपणहून अंगावरून सुटतो, वाळूवर, दगडावर, काचेवर, पंपाच्या बॉडीवर, कुठेही चिकटतो आणि भोवती घट्ट कवच करतो. त्या कवचात तो फुटत जातो, एकाचे दोनशेपर्यंत होतात. याला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही, कधी तीन दिवस, बहुतेक वेळा चार आठवड्यांच्या आत, पण प्रयोगशाळेत बहात्तर दिवसांनी फुटलेली कवचंसुद्धा नोंदली गेली आहेत. फुटली की पिल्लं मोकळी पोहत सुटतात आणि त्यांना एकदोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात, खरं तर पहिल्या काही तासांनंतरच त्यांची ताकद उतरायला लागते.

आणि हे सगळं जास्त करून अंधारात होतं. ठिपके सुटतात ते अंधारात, पिल्लं बाहेर येतात तीही अंधारात, जेव्हा मासा दगडाच्या खोबणीत, वाळूजवळ, रोजच्याच जागी झोपलेला असतो. समुद्रात त्या पिल्लांतली बहुतेक वाया जातात कारण मासा सापडतच नाही, तिथे पाणी अफाट आहे. तुमच्या हॉलमधल्या चार फुटी टँकमध्ये मासा कुठे जाणार?

म्हणून ठिपके गेले याचा अर्थ एवढाच की ते माशावरून वाळूत गेले. पुढच्या फेरीला दहा ऐवजी शंभर येतात, त्याच्या पुढच्या फेरीला मोजता येत नाहीत. आणि त्या मधल्या चारपाच दिवसांत माणसाने जे काही केलेलं असतं त्याला श्रेय मिळून जातं. कोणी खाण्यात लसूण ठेचून घातलेला असतो, कोणी माशांचं अंग साफ करणारी क्लीनर श्रिंप आणलेली असते, कोणी पाणी ज्यातून फिरतं तो यूव्ही दिवा लावलेला असतो. लसणाने मासा खायला उत्सुक होतो म्हणतात, ठीक आहे, होऊ दे, पण कातडीखालचा इच लसणाने मरत नाही. श्रिंप अंगावरून फिरते ते बघायला फार छान वाटतं, पण कातडीखाली रुतलेला जीव ती काढू शकत नाही. यूव्हीमधून जी पिल्लं जातात तेवढी मरतात, बाकीची माशापर्यंत पोचतातच. मला या गोष्टीची खरंच तळमळ आहे, कारण यात माणसं मनापासून मेहनत करत असतात आणि सगळा वेळ चुकीच्या जागी जातो.

एक अजून. जो मासा दोनतीन फेऱ्यांतून वाचतो त्याच्यात थोडी प्रतिकारशक्ती येते, त्याच्यावर ठिपके दिसतच नाहीत किंवा फक्त कल्ल्यांत एखाद दुसरा असतो जो आपल्याला दिसणं शक्य नाही. टँक महिनोन्‌महिने छान चालतो. मग एक दिवस नवीन मासा येतो आणि दोषी तोच ठरतो, पण बऱ्याचदा आजार आधीपासून घरातच असतो, नव्याला तो तिथे आल्यावर लागतो.

(पडद्यावर: क्लाऊनफिश, पॉवरहेडच्या झोतासमोर, भराभर श्वास)

हा मात्र इच नाही. इथे चूक झाली तर आठवडा मिळत नाही, कधी दोन दिवससुद्धा मिळत नाहीत.

मासा पंपाच्या झोतात तोंड करून उभा, कल्ले जोरजोरात हलतायत, लाइटपासून लांब राहतोय, खाणं बंद, आणि अंगावर ठिपके असे नाहीतच. टॉर्च बाजूने मारला तर कातडीवर सोनेरी करडी बारीक धूळ दिसते, तीही दिसली तर. याला वेल्वेट म्हणतात, अमायलूडिनियम ओसेलाटम. हेसुद्धा ब्राऊन यांनीच १९३१ मध्ये नोंदवलं. तो आधी कल्ल्यांवर बसतो, एक जीव फुटून दोनशे छप्पनपर्यंत पिल्लं होतात, आणि मासा गुदमरून मरतो. संध्याकाळपर्यंत बरे असलेले मासे सकाळी तळाला पडलेले सापडतात आणि लोक म्हणतात पाण्यात काहीतरी विष गेलं असणार.

तिसरा, ब्रुकलिनेला. हा क्लाऊनफिशला फार होतो, विशेषतः समुद्रातून पकडून आणलेल्यांना. अंगावर चिकट पांढुरका थर, तो सोलून लोंबायला लागतो, मासा गळून गेलेला. आपल्या सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, केरळमधल्या विळिंजमला आणि तमिळनाडूतल्या मंडपमला क्लाऊनफिशची पैदास करून दाखवलेली आहे, आणि टँकमध्ये जन्मलेली जोडी मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो, निम्मं दुखणं तिथेच वाचतं.

मग फ्लूक्स, म्हणजे चपटे सूक्ष्म किडे, ते पारदर्शक असतात म्हणून अंगावर असूनही दिसत नाहीत. डोळा धुरकट होतो, मासा खाजवतो. यासाठी गोड्या पाण्याचा डिप, म्हणजे थोडा वेळ बुडवून ठेवणं, फार कामाचा, तापमान आणि पीएच टँकइतकं केलेलं आरओ पाणी, मासा पाचेक मिनिटं त्यात, सतत नजर ठेवून, काळ्या बादलीत केलं तर पांढरे पडलेले किडे तळाला पडलेले डोळ्यांनी दिसतात. डिप हे निदान आहे, ट्रीटमेंट म्हणाल तर प्राझिक्वांटेल हे किड्यांवरचं औषध.

आणि परांच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली, मासा मस्त खातोय, पोहतोय, तर ते बहुतेक लिम्फोसिस्टिस. व्हायरस आहे, औषध नाही, आपोआप जातं. त्याला कॉपरच्या, म्हणजे तांब्याच्या औषधात टाकून उगाच हाल करू नका प्लीज.

(पडद्यावर: काचपट्टी, शाळेतला साधा मायक्रोस्कोप)

खात्री करायची तर ही काचपट्टी. माशाच्या अंगावरचा जरासा चिकट थर काचेच्या कडेने हलकेच घ्यायचा, त्याच टँकच्या पाण्याच्या थेंबात ठेवून लगेच बघायचा. शंभरपट मोठं दिसलं तरी पुरतं. गोल, गडद आणि जागच्या जागी गरगरणारा तो इच, पिशवीसारखा, अजिबात न हलणारा तो वेल्वेट, आणि बीच्या आकाराचा, घाईत पोहणारा तो ब्रुकलिनेला. माशांचे डॉक्टर आपल्याकडे सहज मिळत नाहीत, सगळा भार दुकानदारावर असतो आणि तो फोटो बघून एखादी बाटली देतो. कितीतरी बाटल्यांवर आत काय आहे हेच लिहिलेलं नसतं. असं औषध पाण्यात ओतू नका, एवढंच.

(पडद्यावर: रिकामा हॉस्पिटल टँक, पीव्हीसी पाइपचे तुकडे, स्पंज फिल्टर, हीटर)

ट्रीटमेंट मुख्य टँकमध्ये करायची नाही. सगळे मासे, म्हणजे ज्यांच्यावर ठिपका नाही तेसुद्धा, बाहेर काढायचे. वेगळा टँक, वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसीचे तुकडे, एअर स्टोन जोरात. कॉपर हे जुनं आणि भरवशाचं औषध, इच आणि वेल्वेट दोन्हीवर चालतं, पण कोरल, श्रिंप, गोगलगाय यांना ते विष आहे आणि लाइव्ह रॉक, म्हणजे टँकमधले जिवाणू वसलेले समुद्री दगड, ते शोषून घेतो, म्हणून मुख्य टँकमध्ये त्याचा एक थेंबसुद्धा नको.

इथे आकड्यांचा घोळ होतो म्हणून सावकाश सांगतो. साधं आयनिक, म्हणजे पाण्यात मोकळं विरघळलेलं कॉपर असेल तर पातळी ०.१५ ते ०.२० पीपीएम, पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं कॉपर असेल तर बहुतेक २ ते २.५ पीपीएम. म्हणजे दहा पटीचा फरक. एकाचा डोस दुसऱ्याच्या हिशोबाने दिला तर एकतर इचला काही होत नाही नाहीतर मासा जातो. बाटली कुठली ते वाचा, टेस्ट किट त्याच प्रकारच्या कॉपरचं घ्या, पातळी दोनतीन दिवसांत हळूहळू चढवा आणि रोज मोजा. ती एकदा खाली घसरली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मासा शेवटपर्यंत त्याच कॉपरच्या टँकमध्ये ठेवणार असाल तर तीस दिवस. पाणी बदलताना नवीन पाण्यात आधीच तेवढं कॉपर मिसळून घ्या. या टँकमध्ये बॅक्टेरिया जमलेले नसतात म्हणून अमोनिया चढतो, आणि तो बांधणारे कंडिशनर कॉपरसोबत घालायचे नाहीत, त्याने कॉपर माशालाच विषारी होतं. पाणी बदलत राहणं हाच त्यावर सरळ मार्ग.

औषध नकोच असेल आणि आजार इच आहे हे नक्की असेल तर टँक ट्रान्सफर. मला ही पद्धत मनापासून आवडते कारण ती त्या जीवाच्या वेळापत्रकावरच बेतलेली आहे. कवच फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात ना, तर दर बहात्तर तासांच्या आत मासा नव्या, कोरड्या, स्वच्छ टबमध्ये हलवायचा, जे अंगावरून सुटलं ते मागे राहिलं. असं चार वेळा. बाराव्या दिवशी माशावर काही उरत नाही कारण सात दिवसांपेक्षा जास्त ते अंगावर राहूच शकत नाहीत. दोन प्लास्टिकचे टब, दोन एअर स्टोन, भरपूर मिठाचं पाणी, आणि वापरलेला टब धुऊन पूर्ण सुकवणं, एवढाच खर्च. वेल्वेटवर मात्र हे चालत नाही, त्याचं चक्र याहून वेगाने फिरतं.

हायपोसॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा विशिष्ट गुरुत्व १.००९ पर्यंत उतरवणं, तेही इचवर चालतं, पण खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नीट कॅलिब्रेट केलेला पाहिजे आणि इचच्या काही जाती त्यालाही पुरून उरतात. वेल्वेटला तर कमी खारट पाण्याने काहीच फरक पडत नाही. मलेरियाचं क्लोरोक्विनसुद्धा वापरतात, लिटरला दहा ते पंधरा मिलिग्रॅम, पण मेडिकलमधल्या गोळ्या कुटून टाकू नका, त्यात बाकीचा भुगा असतो आणि डोसचा अंदाज राहत नाही. ब्रुकलिनेलाला यातलं काही पुरत नाही, तिथे फॉर्मलिनचा बाथ, तोही खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून, जोराची हवा सोडून, कारण फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खेचतं आणि माणसालाही घातक आहे.

या सगळ्या दिवसांत लाइट गेली तर? बॅटरीवरचा एअर पंप आधीच आणून ठेवा. कल्ले खराब झालेल्या माशाला तासाभराचा भारनियमनसुद्धा जड जातो.

(पडद्यावर: मुख्य टँक, कोरल, शंख, एकही मासा नाही)

आणि हा मुख्य टँक. शहात्तर दिवस मासा नाही. कोरल राहू देत, श्रिंप राहू देत, खेकडे, शंख सगळं राहू दे, त्या जीवाला मासाच लागतो, मासा नाही म्हणजे जे जे फुटून बाहेर येईल ते उपाशी मरणार. बहात्तर दिवसांची नोंद आहे म्हणून वर थोडे धरून शहात्तर. अवघड जातं हे मान्य, घरी पाहुणे विचारतात मासे कुठे, मुलं रोज विचारतात, आणि चाळीसाव्या दिवशी वाटतं की आता बास झालं. सोडू नका. श्रिंपला रोज थोडं खायला घाला म्हणजे फिल्टरमधले बॅक्टेरियाही टिकतात.

जाळी, चिमटा, बादली, दोन्ही टँकची वेगळी ठेवा. हॉस्पिटल टँकमध्ये हात घातला तर धुऊन कोरडा केल्याशिवाय मुख्य टँकमध्ये घालू नका, ओल्या हातावरूनही पिल्लं जातात. नंतर जो मासा येईल तो आधी याच बाजूच्या हॉस्पिटल टँकमध्ये. आणि नुसता मासाच नाही, कोरलचा तुकडा, दुकानातल्या फिश टँकमधली गोगलगाय, तिच्या शंखावर ते कवच चिकटलेलं असू शकतं, त्यामुळे तिलाही मासा नसलेल्या डब्यात तेच शहात्तर दिवस.