ऊसतोड टोळी आणि सहा महिन्यांच्या गोळ्या

(कोल्हापुरात आशाताई, आरोग्यसेवक, मुकादम आणि कारखान्यांच्या शेती विभागातल्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दिवाळीच्या मागंपुढं आपल्या जिल्ह्यात बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात. मार्चच्या सुमाराला पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परत जातात. आता क्षयरोगाच्या उपचाराचं गणित बघा. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाला सहा महिने गोळ्या लागतात. गावाकडं सप्टेंबरात निदान झालेल्या माणसाचा उरलेला उपचार आपल्या शिवारातल्या खोपीत व्हायचा असतो, आणि इथं जानेवारीत सापडलेल्याचा बीडमध्ये. रुग्ण हलला की त्याच्या गोळ्याही हलल्या पाहिजेत, एवढं एकच मी आज सांगायला आलो आहे. बाकीचं बोलणं त्याच्याच पोटातलं.

माणसाला कुठं डांबून ठेवायची गरज नाही, हे आपल्याच देशात सिद्ध झालं आहे. पूर्वी मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं तशा सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या खास रुग्णालयात, महिनोन् महिने राहावं लागे. 1956 साली मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये आणि काही स्वतःच्या दाटीवाटीच्या घरात ठेवून दोघांना तीच औषधं दिली. वर्षाअखेर निकाल जवळजवळ सारखे निघाले, आणि घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. तेव्हा रुग्ण खोपीत राहतो हे उपचार न देण्याचं कारण होऊच शकत नाही.

आधी रुग्ण सापडायला हवा. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, यातलं एक जरी असलं तरी बेडका तपासायचा. इथंच निम्मं काम बिघडतं, कारण डबीत बेडक्याऐवजी लाळ येते. टोळी पहाटे चारला फडाकडं निघते, म्हणून डबी आदल्या संध्याकाळीच हातात द्या. सकाळी उठल्यावर पाण्यानं चूळ भरायची, उघड्यावर, माणसांपासून लांब जायचं, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायचं. घट्ट, पिवळसर बेडका दोन मिलिलिटर तरी हवा. पाण्यासारखं पातळ, फेसाळ आलं तर पुन्हा खोकायला सांगा. नाव डबीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलं तर प्रयोगशाळेत झाकणं बदलतात आणि एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर चढतो. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या यंत्रांवर काही तासांत जंतू आहेत की नाहीत ते कळतं, रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. नुसत्या एक्स-रेवर गोळ्या सुरू करून मोकळं होऊ नका.

गोळ्या वजनावर ठरतात. मोठ्या माणसाचं वजन 35 ते 49 किलो असेल तर रोज तीन, 50 ते 64 असेल तर चार. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने एका गोळीत तीन औषधं. वजन दर महिन्याला करा. ते पाच किलोनं वाढून वरच्या गटात गेलं तर मात्राही वाढते. गोळ्या एकाच वेळी, शक्यतो उपाशीपोटी. पहाटे घेऊन फडात गेल्यावर मळमळतं, मग माणूस स्वतःच्या मनानं बंद करतो. अशाला संध्याकाळची वेळ ठरवून द्या, फारच त्रास झाला तर थोडं खाऊन घेऊ दे. लघवी केशरी होते, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर रक्त पडतंय असं वाटून घाबरतात. डोळे पिवळे झाले, किंवा नजर धूसर झाली, लाल-हिरवा ओळखेना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडं. तळपायाला मुंग्या आल्या तर बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी लागते, उपचार सोडायचा नाही.

महिना-दीड महिन्यात ताप जातो, भूक लागते, अंगात ताकद येते. उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फिटायची असते, माणूस कोयता उचलतो आणि गोळ्या मागं पडतात. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जोमानं वाढणारे जंतू लवकर मरतात, सुस्त पडलेले थोडे शिल्लक राहतात, आणि पुढचे महिने त्यांच्यासाठीच असतात. सलग महिनाभर खंड पडला तर जुनं पाकीट पुन्हा सुरू करू नका. बेडका परत तपासा, औषधाला दाद देतोय का ते बघा, मग ठरवा.

टोळी हलताना काय करायचं? प्रत्येक रुग्णाला निक्षय पोर्टलवरचा, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतला, क्रमांक असतो. तो कार्डावर तर असतोच, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवायला सांगा. निघण्याआधी हाती एक महिन्याच्या गोळ्या, आणि पोर्टलवर रुग्ण नव्या ठिकाणी वर्ग. पण वर्ग केला म्हणजे पोचला असं नाही. गाडी कुठल्या कारखान्याला लागली हे मुकादमाला आणि चिटबॉयला, म्हणजे फडावरच्या कारखान्याच्या माणसाला, माहीत असतं, आरोग्य केंद्राला नसतं. चिटबॉयकडं कुठली टोळी कुठल्या गावच्या फडात आहे याची रोजची नोंद असते. ती आठवड्यातून एकदा आशाताईंना मिळाली तरी पुष्कळ रुग्ण हातातून निसटणार नाहीत. नोंद फक्त टोळीची द्यायची. कोणाला काय आजार आहे हे मुकादमाला सांगायचं नाही, नाहीतर पुढच्या हंगामात त्या नवरा-बायकोच्या जोडीला टोळीत कोण घेणार?

खाण्याचं बोलल्याशिवाय क्षयरोगाचं बोलणं पुरं होत नाही. झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तर त्यांच्यातले नवे क्षयरुग्ण 39 टक्क्यांनी कमी झाले. 2023 साली हे प्रसिद्ध झालं. डाळ-तांदळानं रोगाचा धोका घटतो, याहून मोठा पुरावा आपल्याला कशाला हवा? निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ते बँक खात्यात जातात. पासबुक गावाकडच्या पेटीत आणि खातं बंद पडलेलं, असं असलं तर पैसे अडकतात. म्हणून उपचार सुरू करतानाच खातं चालू आहे का ते विचारा.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांना आणि मधुमेह्यांना धोका अधिक, त्यांच्या खोकल्याकडंही तितक्याच लवकर बघा.

शेवटी खोपीतली बाकीची माणसं. ताटं-वाट्या वेगळ्या करून काही साधत नाही, रोग श्वासातून पसरतो. खोपीचं तोंड उघडं ठेवा, रुग्णाला खोकताना तोंडावर कापड धरायला सांगा. फुप्फुसाचा क्षय असलेल्याबरोबर राहणाऱ्या प्रत्येकाची लक्षणं विचारा, जमेल तिथं एक्स-रे काढा. रोग नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध द्यायचं. खात्री न करता दिलं तर आत दडलेल्या रोगाला अपुरं औषध मिळतं. मोठ्यांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या आयसोनियाझिड-रिफापेंटिनच्या बारा मात्रा आहेत, म्हणजे तीन महिने. हे एका हंगामात बसतं. पाच वर्षांखालच्या लेकरांना आधी गाठा. बीसीजीची लस त्यांना मेंदूच्या क्षयापासून बऱ्यापैकी वाचवते, पण बीसीजी टोचली आहे म्हणून प्रतिबंधक औषध टाळता येत नाही. त्यांची मात्रा वजनावर डॉक्टरच ठरवतील. मोठ्यांच्या साप्ताहिक मात्रेसाठी टोळीचा बाजाराचा वार धरा, त्या दिवशी माणसं मुक्कामावर भेटतात.