ज्यावर कोणीच बसत नाही असे आसन

अध्यक्षमहोदय आणि सुहृदहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘घाना : इतिहास, भूगोल, संस्कृती आणि राज्यव्यवस्था’ असा विषय छापलेला आहे, आणि तो मीच सुचवलेला आहे. तरीही मी सुरुवात बसण्याच्या एका लाकडी वस्तूपासून करणार आहे, कारण ती वस्तू नीट समजल्याशिवाय या देशाची माहिती सनावळी आणि आकडे यांच्या पलीकडे जात नाही, असे माझे फार वर्षांपासूनचे मत आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. गिनीच्या आखाताला लागून असलेल्या या देशाच्या पश्चिमेला आयव्हरी कोस्ट, पूर्वेला टोगो आणि उत्तरेला बुर्किना फासो आहे. क्षेत्रफळ सुमारे २,३८,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून बरेच कमी, आणि २०२१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३ कोटी ८ लाख. किनारपट्टीच्या मागे दाट अरण्याचा पट्टा आहे आणि कोको व सोने मुख्यतः तिथलेच. उत्तरेला गवताळ प्रदेश पसरला आहे, जिथे कोरड्या ऋतूत सहाराकडून हरमॅटन नावाचा धुळीचा वारा वाहतो. अकोसोंबो येथे १९६५ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे व्होल्टा नदीचे सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे सरोवर झाले आणि जवळजवळ ८०,००० माणसांना आपली गावे सोडावी लागली. धरणग्रस्त हा शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरातला आहे, त्या भाषेच्या श्रोत्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता त्या वस्तूकडे येतो. अरण्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या असांते लोकांच्या त्वी भाषेत तिला ‘द्वा’ म्हणतात. एकाच ओंडक्यातून कोरलेली, वर होडीसारखी वाकलेली बैठक, मध्ये कोरीव आधार आणि खाली सपाट तळ, असे तिचे रूप असते. इंग्रजांनी तिला ‘स्टूल’ म्हटले आणि तिथेच घोटाळा सुरू झाला. याबद्दलची माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती आज सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका मराठी नियतकालिकासाठी मी या विषयावर लेख लिहिला आणि त्यात कटाक्षाने ‘आसन’ हा शब्द वापरला. छापून आलेल्या लेखात तो सर्वत्र बदलून ‘स्टूल’ केलेला होता आणि सोबत चहाच्या टपरीवर असते तशा स्टुलाचे चित्र होते. मला त्याचे खरोखर दुःख झाले, कारण मराठीत या कल्पनेसाठी शब्दांची वाण नाही. ‘पाट’ म्हणावे तर तो फार बुटका, ‘चौरंग’ म्हणावे तर त्याला चार पाय, आणि ‘सिंहासन’ म्हणावे तर त्यात नको तेवढा दिमाख. अर्थाने सर्वांत जवळचा शब्द ‘गादी’, कारण गादी म्हटल्यावर आपल्याला कापूस आठवत नाही, अधिकार आठवतो. सातारची गादी किंवा मठाची गादी म्हणताना बसणारा येतो-जातो आणि गादी राहते, हे आपण गृहीतच धरलेले असते. मात्र गादी लाकडाची नसते, म्हणून मी ‘आसन’ म्हणतो.

असांते घरांत आसन हे माणसाच्या आत्म्याचे स्थान मानले जाते. माणूस उठून गेला की त्याचे आसन कलते करून ठेवतात, म्हणजे दुसरे कोणी, मग तो अदृश्य जीव का असेना, त्यावर बसू नये. चांगला राजा वारला की त्याचे आसन काळे करून पूर्वजांच्या आसनांबरोबर वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्याची पूजा होते. या सर्वांच्या वर एक आसन आहे, ‘सिका द्वा कोफी’, अर्थात शुक्रवारी जन्मलेले सुवर्णासन. वार पाहून नाव ठेवण्याची तिथली रीत माणसांना लागू आहे तशी या आसनालाही लागू आहे. परंपरा सांगते, की सतराव्या शतकाच्या अखेरीस ओकोम्फो अनोके या पुरोहिताने ते आकाशातून उतरवले आणि ते ओसेइ तुतू या राजाच्या मांडीवर अलगद येऊन टेकले. सगळ्या असांते लोकांचा प्राण त्यात आहे. म्हणून त्यावर राजाही बसत नाही. राज्यारोहणाच्या वेळी राजाला उचलून त्याच्यावर नुसते टेकवल्यासारखे करतात, स्पर्श होऊ देत नाहीत. ते जमिनीला लागू देत नाहीत आणि त्याला ठेवायला स्वतःचे वेगळे आसन असते. आपल्याला इथे भरताने सिंहासनावर ठेवलेल्या पादुका आठवतील, पण पादुका रामाच्या परतण्याची वाट पाहत होत्या. हे आसन कोणाचीच वाट पाहत नाही.

आता २८ मार्च १९०० या दिवसाकडे येऊ, कारण या दिवसाची हकिकत मला पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते. चार वर्षांपूर्वी इंग्रजांनी असांतेहेने, म्हणजे असांते राजा, पहिला प्रेंपे याला पकडून नेले होते. त्याने युद्ध टाळले होते, तरीही त्याला हद्दपार करण्यात आले. त्या दिवशी गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानाच्या, वसाहतीचा गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन कुमासी या असांते राजधानीत असांते सरदारांपुढे उभा राहिला. राजा परत येणार नाही, युद्धखर्चाची वसुली होईल, असे सांगून झाल्यावर त्याने विचारले, की सुवर्णासन कुठे आहे आणि या क्षणी मी त्यावर बसलेलो का नाही. राणी व्हिक्टोरियाचा प्रतिनिधी म्हणून त्यावर आपला हक्क आहे, अशी त्याची समजूत होती. सरदार गप्प राहिले. ज्यावर त्यांचा राजा दोनशे वर्षांत कधी बसला नव्हता, त्यावर बसण्याची मागणी एका परक्या अधिकाऱ्याने त्यांच्याच अंगणात केली होती. हॉजसनला ती राजाची खुर्ची वाटली. मला त्याच्या उद्धटपणापेक्षा त्याचे अज्ञान अधिक अस्वस्थ करते. एवढ्या मोठ्या प्रदेशावर राज्य करायला निघालेल्या माणसाने बसण्याच्या वस्तूचा अर्थ कोणाला विचारलासुद्धा नव्हता.

काही दिवसांतच एजिसू या असांते गावाची राजमाता ‘या असांतेवा’ हिच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. कुमासीच्या किल्ल्याला वेढा पडला आणि हॉजसनला जूनमध्ये वेढा फोडून किनाऱ्याकडे निसटावे लागले. शेवटी इंग्रजांच्या नव्या फौजांपुढे असांते हरले, ‘या असांतेवा’ सेशेल्स बेटांवर हद्दपार झाली आणि तिथेच १९२१ साली वारली, आणि जानेवारी १९०२ मध्ये असांते प्रदेश अधिकृतपणे ब्रिटिश साम्राज्यात घालण्यात आला. पण आसन इंग्रजांच्या हाती लागले नाही, ते लपवलेले होते. पुढे १९२०-२१च्या सुमारास रस्त्याच्या कामावरच्या काही मजुरांना ते सापडले. त्यांनी त्यावरचे सोन्याचे अलंकार काढून घेतले, तेव्हा सारा असांते समाज शोकात बुडाला. तोवर शहाणपण आलेल्या इंग्रज सरकारने आसनाला हात लावणार नाही असे जाहीर केले. प्रेंपे १९२४ साली मायदेशी परतला.

आसन कोणाचेच नसते, म्हणून बसणाऱ्याला खाली उतरवता येते, हा माझा आजचा मुख्य मुद्दा आहे. असांते आणि इतर अकान समाजांत वारसा आईच्या कुळातून चालतो. नव्या प्रमुखाचे नाव राजमाता सुचवते आणि ते मान्य करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार प्रतिष्ठित मंडळींचा असतो. आसनावर येताना त्याला प्रजेच्या वतीने जी बजावणी करतात, ती मला फार सुंदर वाटते. तू हावरट होऊ नयेस, तुझे कान बहिरे होऊ नयेत, लोकांना मूर्ख म्हणू नयेस, सल्ल्याविना मनमानी करू नयेस, आणि ‘मला वेळ नाही, मला वेळ नाही’ असे कधी म्हणू नयेस. शपथ मोडली तर त्याला उतरवतात, आणि ही गोष्ट इतिहासात अनेकदा घडलेली आहे. याचा अर्थ ते सुवर्णयुग होते असा नाही. याच असांते राज्याने उत्तरेकडून पकडलेली माणसे किनाऱ्यावरच्या युरोपीय व्यापाऱ्यांना विकली, आणि पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतलेल्या एल्मिनाच्या किल्ल्यातली तळघरे त्याची साक्ष देत आजही उभी आहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून राज्यव्यवस्थेचा भाग आता भराभर सांगतो. ६ मार्च १९५७ रोजी क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखाली हा देश स्वतंत्र झाला. त्याने घेतलेले नाव ज्या प्राचीन घाना साम्राज्याचे होते, ते दूर वायव्येला, आजच्या मॉरिटानिया आणि मालीच्या भूमीवर होते. एन्क्रुमांनी पारंपरिक प्रमुखांचे बळ कमी केले आणि १९६६ साली लष्कराने एन्क्रुमांनाच हटवले. पुढची पंधरा वर्षे सत्तापालटांत गेली. १९९२च्या राज्यघटनेने चार वर्षांची अध्यक्षीय कारकीर्द आणि जास्तीत जास्त दोन कारकिर्दी अशी मर्यादा घातली. २००१, २००९, २०१७ आणि २०२५ या चार वेळी सत्ता मतपेटीतून एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली.

त्याच घटनेच्या २७०व्या कलमाने प्रमुखपदाची संस्था कायम राखली आणि २७६व्या कलमाने प्रमुखांना पक्षीय राजकारणापासून दूर ठेवले. संसदेची निवडणूक लढवायची तर आसन सोडावे लागते. कायद्याच्या भाषेत जमीनही राजाची नसते, आसनाची असते, आणि ती समाजासाठी सांभाळायची असते. तिच्या उत्पन्नातून प्रशासनाचा दहावा हिस्सा वजा झाल्यावर उरलेल्यापैकी ५५ टक्के रक्कम जिल्हा सभेला मिळते. उत्तरेत आसनाऐवजी प्राण्याचे कातडे असते आणि प्रमुख ‘कातड्यावर बसतो’ असे म्हणतात.

त्या उत्तरेतले एकच उदाहरण देऊन थांबतो. दागबोन राज्याचा राजा दुसरा याकुबू अंदानी २००२ साली येंडी येथे दोन घराण्यांच्या भांडणात मारला गेला. सरकारे बदलली, पण तंटा मिटेना. तो मिटवण्याचे काम असांतेहेने दुसरे ओसेइ तुतू आणि उत्तरेतले आणखी दोन राजे यांच्या समितीकडे सोपवलेले होते. दोन्ही घराण्यांना पटेल असा मार्ग त्यांनी काढला, आणि इतकी वर्षे कारभाऱ्याच्या हाती राहिलेल्या त्या कातड्यावर जानेवारी २०१९ मध्ये नवा राजा बसला.