गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाल तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

तेरचं नाव काढलं की आपल्या माणसांचे हात जोडले जातात ते गोरोबाकाकांसाठी. तेरणाकाठी समाधीचं दर्शन होतं, प्रसाद मिळतो आणि मंडळी परतीची गाडी धरतात. धाराशिवपासून जेमतेम वीस किलोमीटरवरचं गाव. दुपारपर्यंत घरी पोचायची घाई असते. माझं एवढंच मागणं आहे, की पुढच्या वेळी तासदोन तास जास्त काढा आणि गावातलं रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय बघून मगच निघा.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर म्हणून त्याची नोंद आहे. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायची. पुढं शिलाहार राजे कोकणात राज्य करतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत.

या शहराचा ढिगारा म्हणजे गावाभोवतीची पांढरी. पावसानं माती वाहून गेली की मणी, नाणी, खापरं उघडी पडतात. लामतुरे याच गावचे. इतरांनी पायानं बाजूला सारलं असतं ते त्यांनी उचललं, जपलं, आणि तो संग्रह पुढं शासनाकडे आला. एका माणसाच्या या ध्यासाचं मोल कशात करायचं?

आत गेलात की पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींपाशी थांबा. ही केओलिन माती. घाईनं पाहिलं तर जुनी खेळणी वाटतील. जरा वाकून कडेनं बघा: कानामागून खाली एक बारीक सांधा उतरलेला दिसेल. पुढचा आणि मागचा असे दोन साचे, प्रत्येकात मातीचा पातळ थर दाबायचा, मग दोन्ही अर्धुकं जोडून भाजायचं. म्हणून मूर्ती आतून पोकळ आणि हाताला हलकी. केसांची गुंफण, कानातली जड कुंडलं, सगळं साच्यातच कोरलेलं. सातवाहनकाळातली बाई कशी नटत होती हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या मूर्तींनी जास्त शिकवलं.

लामतुरे संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. इटलीत पॉम्पेई हे शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं 1938 साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती मूर्ती मिळाली, आणि तिच्याशी जुळणाऱ्या म्हणून ज्या मूर्ती पुढं केल्या जातात त्यांत एक तेरची आहे, दुसरी आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची. रोमन नाण्यांवरून मातीत उठवलेली, गळ्यात घालायची पदकंही तेरला निघाली आहेत. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे बघताना समुद्र इथून किती लांब आहे ते आठवा.

बाहेर पडलात की त्रिविक्रम मंदिराकडे जा. विटांचं, मागून गोलाकार, गजपृष्ठ छताचं. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. आज आत त्रिविक्रम उभा आहे.

आता एक कळकळीची गोष्ट, विशेषतः शेतकरी बांधवांसाठी. नांगरताना, विहीर खणताना नाणं, मूर्ती, मणी असं काही लागलं तर घासूनपुसून लख्ख करू नका आणि फिरत्या खरेदीदाराला तर मुळीच देऊ नका. कुठल्या शेतात, किती खोल, कशाशेजारी सापडलं, हे निघून गेलं की वस्तूची अर्धी हकिकत गेली. दहा रुपयांहून अधिक मोलाचं भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं 1878 चा निखात निधी कायदा सांगतो. जागेवर खूण करा, मोबाइलवर फोटो काढा आणि तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयात सांगा.

आणि तेरला निघण्याआधी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या. नमस्कार.