जोडीदार कोण निवडतं?

(दृश्य : पहाटेचा उजेड. उंच कड्याच्या कपारींत एकमेकांना बिलगून बसलेले बबून.)

केनियातली ग्रेट रिफ्ट दरी. गिलगिलजवळचे एबुरूचे कडे. ऑलिव्ह बबून या आफ्रिकेतल्या मोठ्या माकडांचा कळप दिवसभर माळावर हिंडतो आणि अंधार पडायच्या आत या कड्यांवर चढतो. बिबट्याचं भय असतं, म्हणून रात्री सगळे दाटीवाटीनं झोपतात. पण या दाटीतही कोणती मादी कोणत्या नराला टेकून झोपणार, हे बरंचसं ठरलेलं असतं.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस बार्बरा स्मट्स या अमेरिकी संशोधिकेनं या कळपामागं फिरून नेमकं हेच टिपलं. चरताना कोण कोणाच्या आसपास असतं, कोण कोणाच्या अंगावरचे केस विंचरून किडे काढतं, रात्री कोण कोणाजवळ झोपतं. कळपात कितीतरी प्रौढ नर होते, तरी बहुतेक मादीचे त्यांतले एक-दोनच खास होते. त्यांच्यापाशी ती निवांत बसायची. इतर नर जवळून गेले की अंग चोरून बाजूला व्हायची. स्मट्स यांनी या नात्याला सरळ ‘मैत्री’ म्हटलं. प्राण्यांच्या बाबतीत असा शब्द वापरणं तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना खटकायचं. पण हे पाहिल्यावर दुसरा कुठला शब्द वापरणार?

नर बबून मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो. सुळे लांब आणि धारदार. मनात आणलं तर तो तिला सहज जखमी करू शकतो, आणि करतोही. म्हणून जवळीक व्हायची तर आधी भीती ओसरावी लागते. स्मट्स यांनी पाहिलेला एक प्रसंग असा. एक तरुण मादी, आणि कळपात नवाच आलेला एक नर. दोघं अंतर राखून बसलेले. ती दुसरीकडे बघत असली की तो तिच्याकडे बघतो. त्यानं मान वळवली की ती त्याच्याकडे बघते. बराच वेळ हेच चालतं. शेवटी नजरानजर होते. तो डोळे बारीक करतो, कान मागे दाबतो, ओठांनी चपचप आवाज करतो. बबूनांच्या खुणांत याचा अर्थ, घाबरू नकोस, ये. थोड्या वेळानं ती त्याच्याजवळ सरकते आणि त्याच्या अंगावरचे केस विंचरू लागते.

यातून नराला काय मिळतं? मादी माजावर आली की तिच्याशी जोडी जमण्याची संधी तिच्या मित्राला जास्त असते. कळपात जुने झालेले, वय वाढलेले, मारामारीत तरुणांपुढं टिकू न शकणारे नरसुद्धा अशा मैत्रीच्या आधारानं बाप होतात. आणि मादीला काय मिळतं? त्याचं उत्तर आणखी दक्षिणेला, बोट्स्वानातल्या मोरेमी अभयारण्यात मिळालं.

(दृश्य : ओकावँगोचा पाणथळ प्रदेश. पिल्लाला पोटाशी धरून बसलेली चाक्मा बबून मादी.)

इथल्या चाक्मा बबूनांमध्ये बाहेरून आलेला नर वर्चस्व मिळवतो आणि दूध पिणारी पिल्लं मारतो. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत आई पुन्हा माजावर येत नाही. पिल्लू गेलं की येते. रायन पालोंबिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात इथं एक प्रयोग केला. मादीच्या किंचाळण्याचं ध्वनिमुद्रण झुडपाआड लपवलेल्या स्पीकरवरून वाजवलं. इतर नरांनी फारसं लक्ष दिलं नाही. तिचा मित्र मात्र लगेच त्या दिशेला वळला. पुढं काही माद्यांची पिल्लं दगावली. त्यानंतर त्याच माद्यांच्या किंकाळ्या वाजवल्या, तेव्हा मित्रही जागचे हलले नाहीत. मोरेमीत तरी ही मैत्री पिल्लाच्या रक्षणाभोवती गुंफलेली होती.

(दृश्य : जुन्या हस्तलिखिताची पानं. डार्विनचं छायाचित्र.)

चार्ल्स डार्विननं १८७१ साली ‘लैंगिक निवड’, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून होणारी निवड, सविस्तर मांडली, तेव्हा तिच्या दोन बाजू सांगितल्या होत्या. नर एकमेकांशी झुंजतात, ही एक. आणि मादी निवड करते, ही दुसरी. पहिली बाजू लगेच पटली. दुसरी पटायला शंभर वर्षं लागली. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्यासारख्या उत्क्रांतीच्या विचारातल्या खुद्द डार्विनच्या सहप्रवाशालाही मादीच्या पसंतीला एवढं महत्त्व देणं मान्य नव्हतं. माकडांवरच्या सुरुवातीच्या कित्येक अभ्यासांत मादी म्हणजे नरांच्या भांडणातलं बक्षीस, इतकंच तिचं स्थान. मला याची मनापासून खंत वाटते, कारण तिची निवड काही लपलेली नव्हती. फक्त एकेका मादीवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागणार होती.

ती नजर ठेवणाऱ्यांपैकी एक, अमेरिकी संशोधिका सारा हर्डी. १९७१मध्ये त्या राजस्थानातल्या माउंट अबूला आल्या, हनुमान लंगूर म्हणजे आपल्या ओळखीची काळ्या तोंडाची वानरं अभ्यासायला. त्याआधी १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानं धारवाडजवळच्या वानरांमध्ये नर पिल्लं मारतात अशी नोंद केली होती. दाटीमुळं बिघडलेली वागणूक, अशी तिची संभावना अनेकांनी केली. हर्डी यांनी मादीच्या बाजूनं विचार केला. टोळीवर नवा नर आला की पिल्लं धोक्यात येतात. अशा वेळी मादी काय करते? ती एकापेक्षा जास्त नरांशी समागम करते, टोळीबाहेरच्या नरांशीसुद्धा. काही माद्या तर पोटात पिल्लू असतानाही. उद्या जन्मणारं पिल्लू आपलं असेल, अशी शक्यता जितक्या नरांना वाटेल तितकं ते सुरक्षित, असा हर्डी यांचा तर्क. त्यावर पुढं खूप वाद झाले. पण नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी १९९९मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते असं दिसलं. ज्याला आपण चंचलपणा म्हणून मोकळे झालो असतो, त्या वागण्यात पिल्लाचा जीव वाचवण्याची धडपड होती.

(दृश्य : टांझानिया, गोंबेचं जंगल.)

देखणेपणाचं काय? गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी फ्लो नावाची चिंपांझी मादी पाहिली. फाटके कान, फुगीर नाक, झिजलेले दात. १९६३मध्ये ती माजावर आली आणि नरांची रांगच्या रांग तिच्यामागं हिंडू लागली. ही एकट्या फ्लोची गोष्ट नव्हती. युगांडातल्या किबाले जंगलात मार्टिन म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये दाखवून दिलं, की चिंपांझी नर तरुण माद्यांपेक्षा वयस्क माद्यांकडे जास्त ओढले जातात. वयस्क मादीनं पिल्लं वाढवून दाखवलेली असतात. शिवाय चिंपांझींत जोडी टिकत नाही, त्यामुळं हिच्यापुढं आणखी किती वर्षं उरली आहेत, याला नराच्या लेखी फारशी किंमत नसते. तारुण्याची ओढ जिथं दीर्घकाळ एकत्र राहायचं असतं तिथं वाढते, असं संशोधकांचं म्हणणं.

शरीरही थोडंफार सांगून जातं. गोरिल्लाचा नर मादीच्या दुप्पट, पण त्याचे वृषण जेमतेम ३० ग्रॅमचे, कारण माद्यांजवळ तो दुसऱ्या नराला फिरकूच देत नाही. चिंपांझी त्याच्या मानानं किती लहान, तरी त्याचे वृषण सुमारे १२० ग्रॅम. एकच मादी अनेक नरांशी समागम करते, मग स्पर्धा वीर्यापर्यंत जाऊन पोचते. माणसाचे साधारण ४० ग्रॅम. आपल्या पूर्वजांची रीत चिंपांझीसारखी नसावी, इतकं यावरून म्हणता येतं.

(दृश्य : काँगो खोऱ्यातलं दाट जंगल. बोनोबो मादी, शेजारी तिचा प्रौढ मुलगा.)

चिंपांझीइतकाच आपल्याला जवळचा कपी म्हणजे बोनोबो. इथं नराच्या जोडीदाराच्या भानगडीत आई पडते. माजावर आलेल्या मादीच्या जवळ ती मुलाला घेऊन जाते, दुसऱ्या नरांना हुसकते, मुलाच्या समागमात कोणी अडथळा आणला तर मधे उभी राहते. बोनोबोंत माद्यांचा दरारा असतो, म्हणून तिचं चालतं. मार्टिन सुरबेक आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आई जिवंत आणि सोबत असलेल्या नराला बाप होण्याची शक्यता सुमारे तिप्पट. चिंपांझींत आईमुळं असा फरक पडत नाही.

आता माणूस. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९मध्ये ३७ संस्कृतींतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. पुरुष तारुण्य आणि रूप जास्त पाहतात, स्त्रिया कमाई जास्त पाहतात, हे त्यातलं वाक्य सगळीकडे फिरलं. पण त्याच पाहणीत स्त्री-पुरुष दोघांनीही परस्परांची ओढ, भरवशाचा स्वभाव, समजूतदारपणा यांना फार वरचं स्थान दिलं होतं. तो भाग फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी केलेला प्रयोग १९९२मध्ये प्रसिद्ध झाला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणींपैकी एक वर्गात एकदाही आली नाही, बाकीच्या अनुक्रमे ५, १० आणि १५ वेळा येऊन बसल्या. कोणाशी बोलायचं नाही, एवढीच अट. सत्र संपताना वर्गातल्या मुलामुलींना चौघींची छायाचित्रं दाखवली. जी जास्त वेळा आली होती, ती अधिक आकर्षक वाटली. आपण तिला आधी पाहिलंय हे बहुतेकांच्या लक्षातही नव्हतं. नुसत्या जवळ असण्यानं माणूस आवडू लागतो. मात्र लहानपण एकाच घरात गेलं असेल, तर उलट होतं. सोबत वाढलेल्या मुलामुलींना पुढं एकमेकांविषयी सहसा शारीरिक ओढ वाटत नाही, हे एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१मध्ये मांडलं. इस्रायलच्या किबुट्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतींत, एकत्र वाढलेल्या मुलांच्या अभ्यासात तेच दिसून आलं.

(दृश्य : चिंपांझी नरांची रांग, हद्दीवर दबक्या पावलांनी चाललेली.)

चिंपांझी मादी वयात आली की बहुधा जन्मगट सोडते आणि शेजारच्या गटात जाते. तिकडच्या आणि इकडच्या नरांचं हाडवैर असतं. हद्दीवर एकटादुकटा सापडला तर ठार मारण्यापर्यंत. मुलगी गेली की माहेरचा संबंध जवळपास संपतो. तिच्या पिल्लांना आजोळ नसतं.

मानववंशशास्त्रज्ञ बर्नार शापे यांच्या मते माणसाचं वेगळेपण इथं आहे. जोडी टिकू लागली, तसा बाप ओळखू येऊ लागला. बाप कळला की बापाकडचे भाऊ, बहिणी, आजी कळली. आणि दुसऱ्या गटात गेलेली मुलगी तिथं जाऊनही मुलगी राहिली, बहीण राहिली. तिचा भाऊ आणि तिचा जोडीदार, ज्यांनी चिंपांझींत एकमेकांचा जीव घेतला असता, त्यांना एकमेकांकडे जाण्यायेण्याचं कारण मिळालं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या ३२ समाजांची माहिती किम हिल आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये तपासली. एका वस्तीत एकत्र राहणाऱ्यांपैकी बरेचसे लोक एकमेकांच्या रक्ताचे नव्हतेच. कोणाची तरी बहीण, कोणाचा तरी नवरा, त्याचा भाऊ, अशा लग्नाच्या धाग्यांनी ते जोडलेले होते. अशा समाजांपैकी बहुतेकांत मुलामुलींचा जोडीदार ठरवताना आईबापांचा किंवा जवळच्या नातलगांचा शब्द चालतो, कारण एका जोडीबरोबर शिकारीचे सोबती आणि दुष्काळात आसरा देणारी वस्तीही ठरत असते.